चौथी रात्र

सोमवारी सकाळी क्लाइवची बॅग भरून झाली, पण आज तो निघाला नाही. ग्लिनिस अर्धा तास फोन कानाला लावून सरकारी भत्त्याच्या कार्यालयाचं तेच ते संगीत ऐकत बसली होती. क्लाइवला तिच्याकडे कायमचं राहायला यायचं होतं. तिलाही तो हवाच होता. पण एकटी म्हणून मिळणारा भत्ता बंद झाला तर? तेवढाच पैसा तिचा स्वतःचा होता. पहिल्या नवऱ्यापुढे तिनं बसभाड्यालासुद्धा हात पसरला होता. पुन्हा ते नको गं बाई!

एकदाचा पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"सध्या तो तीनच रात्री राहतो हं," ग्लिनिसनं आधीच सांगून टाकलं. "शुक्रवार, शनिवार, रविवार. चौथी रात्र कधी होऊ दिली नाही. नियम माहितीय आम्हाला."

"कुठला नियम?"

"तीन रात्रींचा! चौथ्या रात्री राहिला की भत्ता बंद. अख्ख्या रॉचडेल गावाला माहितीय."

"असा नियमच नाही, बाई. रात्री कोण मोजतंय? तुमचा संसार एक आहे का, ते आम्ही बघतो."

ग्लिनिसनं फोनवर हात ठेवून क्लाइवला हे सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला.

"म्हणजे चार वर्षं मी दर सोमवारी माझ्या त्या गारठलेल्या भाड्याच्या खोलीत उगाच मरायला जात होतो?"

"ते राहायला आले की त्यांचा पगार तुमच्या उत्पन्नात धरला जाईल," मुलगी सांगत होती. "तुमचा भत्ता थांबेल. मग, नोंदवू?"

ग्लिनिसला रडूच यायला लागलं. राहू दे म्हणाली असती, तर क्लाइव निमूट उठून गेला असता बिचारा.

"नोंदवा. आजपासून," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं डोळे पुसले.

"तुझे वडील पगाराचं पाकीट न फोडता तुझ्या आईच्या हातात द्यायचे ना?"

"दर शुक्रवारी. पण आता पगार बँकेत जातो गं."

"मग कार्ड ठेव इथे."

क्लाइवनं खिशातून कार्ड काढलं आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"आणि मला बिअर प्यायची झाली तर?"

"मागून बघ," ग्लिनिस म्हणाली.