पान चौदा

हिरवा दिवा लागला आणि ओडेल टिब्सची तीन मिनिटं सुरू झाली.

शहात्तर वर्षांच्या ओडेलनं आधी डोक्यावरची टोपी काढली, मग माइक खाली ओढला. "फुल्टन रस्त्यावर माझं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर मी. एक्केचाळीस वर्षं," तो म्हणाला. "काल दोन माणसं आली आणि भिंतीवर नारिंगी फुली मारून गेली. काय म्हणून विचारलं, तर म्हणे स्टेडियमचं पार्किंग होणार. माझ्या घरात गाड्या लागणार, हे मला माझ्याच भिंतीनं सांगावं?"

मागं कुणीतरी हसलं. नगरपरिषदेच्या सभागृहात पत्रकारांसाठी सहा खुर्च्यांचं टेबल होतं आणि हल्ली त्यावर 'कुरिअर' या पेपरची डोरीन कुबियाक एकटी बसायची. तिनं ओडेलचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. बाहेरच्या बर्फाच्या चिखलात तिचे कापडी बूट भिजले होते. पायाची बोटं आहेत की नाहीत हेही तिला कळत नव्हतं.

"मिस्टर टिब्स, जागा ताब्यात घेण्याची सूचना रीतसर दिली होती," परिषदेचा वकील म्हणाला. "'कुरिअर'मध्ये, सलग तीन मंगळवार, पान चौदा. हरकतीसाठी तीस दिवस होते. एकही हरकत आली नाही."

"कशी येणार? पेपर येतो कुठं आमच्याकडं? फुल्टनवर टाकायचा बंद करून दोन वर्षं झाली. मी फोनसुद्धा केला होता."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "त्या भागात पेपर पोचत नाही असं पेपरच्याच कुणी सांगितलं, तर सूचना पुन्हा काढावी लागेल. आजचं मतदान होणार नाही. आहे कुणी सांगणारं?"

दिवा पिवळा झाला.

"आहे की. ती काय, समोरच बसलीये," ओडेल म्हणाला आणि टेबलाकडे वळला. "डोरीन, सांग बाई यांना. फोन तूच उचलला होतास."

उचलला होता. फोन घेणाऱ्या बाईंची खुर्ची रिकामी झाल्यापासून कचेरीतले सगळे फोन डोरीनच घेत होती. "कळवते मी," असं ती म्हणाली होती, पण कळवायला कुणी उरलं नव्हतं. सूचनाही तिनंच टाइप केली होती. बारा घरांचे आकडे, त्यात सातवा फुल्टन चारशे बारा. एखादा आकडा चुकला तर परिषद सूचना परत पाठवते, म्हणून तिनं सगळे दोनदा ताडून पाहिले होते. आकडे बरोबर होते. त्यातल्या एका आकड्यात ओडेल राहतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पत्रकारांना जागेवरून बोलता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांना सांगायचं असेल तर माइकपाशी यावं. येऊ देत."

सगळं सभागृह डोरीनकडे बघत राहिलं. वार्ताहरानं सभेत तोंड उघडायचं नसतं, हे तेहतीस वर्षं तिनं पाळलं होतं आणि नव्यांनाही तेच शिकवलं होतं. शिवाय पान चौदावरच्या सूचनांसाठी परिषद देते त्या पैशांवरच 'कुरिअर' कसाबसा तगून होता. पेपर पोचत नाही असं वार्ताहरानंच सांगितलं, तर त्या सूचना उद्या दुसरीकडे जातील. ही दोन्ही कारणं तिला पाठ होती. तिनं मनात लाज शोधली, निदान राग तरी शोधला. हाताला काहीच लागलं नाही आणि त्याचंच तिला भय वाटलं.

तिनं वहीचं पान उलटलं.

दिवा लाल झाला. ओडेलनं टोपी घातली, माइक पुन्हा होता तसा वर केला आणि तो बाजूला झाला. मतदानाला एक मिनिटही लागलं नाही. नऊ विरुद्ध शून्य.

लोक पांगल्यावर तो तिच्या टेबलापाशी आला आणि हातातली कागदी पिशवी त्यानं तिच्यापुढं ठेवली. "तुझे बूट. शुक्रवारीच झालेत. फोन करत होतो, हल्ली कुणी उचलतच नाही तुमच्याकडं."

"ओडेल, तुम्ही समजून..."

"तळवे नवे घातलेत. यंदाची थंडी निघेल." तो कोटाची बटणं लावत होता. "पुढच्या वर्षी दुसरा कुणी बघ."

गाडीत बसून तिनं संपादक लॉइडला फोन लावला.

"काही विशेष?" त्यानं विचारलं.

"नाही. बारा जागा. एकमतानं मंजूर."

"हरकती?"

समोरच्या काचेवर बर्फ साचत होता. "मुदतीत एकही नाही," ती म्हणाली.

"मग चार ओळी पुरेत."

तिनं पायातले ओले बूट काढले, पिशवीतला डावा बूट घेतला आणि पाय आत घातला. पाय टोकापर्यंत जाईना. बुटाचा आकार टिकावा म्हणून ओडेल पुढं कागदाचा बोळा घालायचा, हे तिला आठवलं. तिनं बोळा ओढून काढला आणि स्टिअरिंगवर सरळ केला. 'कुरिअर'च होता. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरची. पान मधोमध कात्रीनं नीट कापलेलं होतं. पेपर बंद होण्याआधीचा उरलेला गठ्ठा लवकर संपू नये म्हणून तो एका बुटाला अर्धंच पान वापरत असणार.

डोरीननं त्या अर्ध्या पानाचा पुन्हा बोळा केला आणि होता तसा बुटात घातला. दोन्ही बूट शेजारच्या सीटवर ठेवले. मग ओले बूट पायात चढवून तिनं गाडी सुरू केली.