सेजलचा नंबर

पाचवीच्या पट्टीवर मुरारी आणि रूपालीच्या मध्ये सेजलची जागा. आज तिथे सेजल नव्हती, नुसती पिशवी होती. प्रियदर्शिनी बाई ती उचलून कोपऱ्यात ठेवायला वाकल्या.

"बाई, उचलू नका!" दुसरीतला भरत ओरडला. सगळी शाळा एकाच खोलीत बसत असल्याने बहिणीच्या जागेवर त्याला नजर ठेवता येत होती. "ताईची हाय. तिनं नंबर लावलाय."

नंबर म्हणजे काय, हे महाडहून स्कूटीवर येणाऱ्या बाईंना समजावून सांगावं लागलं. बाईंना काही शिकवायला मिळतंय म्हटल्यावर वर्ग एकदम बोलायला लागला. वाडीच्या झऱ्यावर हंडे रांगेत लावून ठेवतात. हंडा असला म्हणजे माणूस असल्यासारखंच. पाणी घरी ओतायला गेलेल्या बाईचा नंबर आला, तर मागची बाई तिचा हंडा भरून ठेवते. मग परत रांग, परत खेप. पूर्वी हे मे महिन्यात सुरू व्हायचं. आता शिमगा सरतो न सरतो तोच झरा आटतो. भरतची आई पोटुशी, बाप मुंबईला. त्यामुळे खेपा सेजलच्या वाट्याला आल्या होत्या.

गेल्याच महिन्यात बाईंनी मुलांचे हक्क शिकवले होते. सेजलने ते घडाघडा म्हणून दाखवले होते. बाईंना राग आला, पण तो काढावा कोणावर ते कळेना. त्यांनी पिशवी होती तिथेच ठेवली आणि धडा काढला.

धडा हरवलेल्या शेळीचा होता. एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा. रूपालीचा वाचून झाला आणि पाळी पिशवीची आली. पिशवीच्या मागे मुरारीचा नंबर होता. वाचायचं म्हटलं की याला हटकून लघवीला लागायची. बाई त्याला त्याच्या वाट्याचा परिच्छेद दाखवणार, तेवढ्यात त्याने त्याआधीचा, राहिलेलाच वाचायला घेतला. अडखळत, घाम पुसत त्याने तो पुरा केला. मग आणखी एक वाचला.

"दोन का रे वाचलेस?"

"पहिला सेजलचा, बाई. मागच्यानं भरायचा असतो ना."

बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मुरारीला ते आवडलं नसतं, म्हणून त्यांनी त्याला लघवीला सोडलं.

शाळा सुटायच्या वेळी सेजल दारात आली. डोक्यावर हंडा होता, परकराची कड भिजली होती. हंडा उतरवला तर परत चढवायला कोणी लागतं, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिथून तिने आपली जागा पाहिली, फळा पाहिला. पुसायच्या राहिलेल्या ओळी ओठ हलवत वाचल्या. आत यायची तिची इच्छा इतकी उघड दिसत होती, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"शेळी गावली काय गो?" तिने रूपालीला विचारलं.

"नाय अजून. धडा अर्धाच झालाय."

"मुरारी, माझा नंबर आल्ता?"

"भरला," मुरारी म्हणाला.

सेजल हसली. "उद्या मी येणार हाय, बाई. शेळी गावायच्या आधी येते. पण धार लई बारीक झालीय. आता वाटीनं भरावं लागतंय."

भरतने पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. ती मान ताठ ठेवून, एक थेंब सांडू न देता उतारावरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. उद्या येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घाटात ट्रक बंद पडला होता. बाईंना पोचायला उशीर झाला. धापा टाकत त्या वर्गात शिरल्या. मुलगे आपापल्या जागी बसले होते. सेजलच्या जागेवर पिशवी होती. रूपालीच्या जागेवर पिशवी होती. सलोनीच्या, राजश्रीच्याही. पाचवीच्या पट्टीवर एकही मुलगी नव्हती.

मुरारीने पुस्तक आधीच उघडून ठेवलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "आज मला लई वाचाया लागंल."