हिचं नाव काय?

"सायेब, मनकर्णाची तसबीर पाह्याले आलो," उत्तमराव म्हणाला आणि वहाणा काढून तंबूच्या दारातच उभा राहिला. घाट चढून त्याचे पाय भरून आले होते.

चिखलदऱ्यावर मुक्काम टाकून रानफुलांच्या तसबिरी काढणाऱ्या साहेबाचा चेहरा खुलला. "मनकर्णा? आहे की! फार चांगली आली आहे. थांब, मी आणते."

साहेब असंच बोलायचा. मराठी तो लहानपणी सांभाळणाऱ्या आयेच्या कडेवर शिकला होता. त्यामुळे घोडा 'ती', डोंगर 'ती', आणि साहेब स्वतःसुद्धा 'ती'. हमाल तोंडाला उपरणं लावून हसत. मनकर्णा तर पोट धरून हसली होती. आज उत्तमरावाला हसू आलं नाही. चांगली आली आहे, म्हणाला साहेब.

उत्तमराव अचलपूरचा माळी. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली, तिकडून विलायतेला जाणारा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. साऱ्या गावाच्या डोक्यात कापूस शिरला, तसा त्याच्याही शिरला. झेंडू, शेवंती, मोगरा, सगळं उपटून त्यानं कपाशी पेरली. झेंडूचा वाफा सात-आठ वर्षांच्या मनकर्णेचा होता. पाणी तीच द्यायची. त्या दिवसापासून पोरगी बापाशी बोलेना.

तसबिरी उतरवायच्या काचांच्या पेट्या डोक्यावरून पहाडावर न्यायला साहेबाला माणसं हवी होती. उत्तमराव निघाला, तेव्हा रुसवा काढायला म्हणून त्यानं लेकीलाही बरोबर घेतलं. "मेळघाटची हवा खराब हाये. काहून नेता लेकराले?" पार्बताबाईनं अडवून पाहिलं. "तिले फुलं दाखोतो," तो म्हणाला. बायकोचं ऐकलं असतं तर, हे आता त्याच्या मनातून जात नव्हतं.

वर भादव्याचं ऊन होतं आणि सारा पहाड तेरड्यानं गुलाबी झाला होता. मनकर्णा वासरासारखी उधळली. बापाशी बोलू लागली ती थांबेचना. साहेबाचं मात्र काही जमत नव्हतं. वाऱ्यानं फूल हलायचं आणि औषध लावलेली काच वाया जायची. शेवटी त्यानं मनकर्णेला तेरड्याचा देठ धरून बसवलं. "हलू नको!" पोरीला वाटलं, आपलीच तसबीर काढतात. तिनं केस सारखे केले, श्वास रोखला आणि ओठ मिटून हसत राहिली. घरी आल्यावर गल्लीभर सांगत फिरली, "सायेबानं माई तसबीर काढली!"

काही दिवसांतच तिला थंडी वाजून ताप भरला. तो उतरलाच नाही. तिला नेताना अंगावर घालायला गावात फूल मिळेना. जिकडे तिकडे कपाशी. माळ्याच्या लेकीवर बापानं कपाशीची पिवळी फुलं वाहिली. चारचौघांत त्याची मान वर झाली नाही.

पार्बताबाईचं रडणंही आटलं. डोळे मिटून बसायची. काल एवढंच बोलली, "मले तिचं तोंडच आठवून नाई राहिलं. सायेबाजवळ हाये ना ते. पाहून तरी या."

म्हणून तो आला होता.

साहेबानं कागद त्याच्या हातात ठेवला. कागदावर तेरडा होता. पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी असा. खाली देठाला धरलेली दोन चिमुकली बोटं. बस. उत्तमरावानं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरं होतं.

"सायेब, इचं तोंड कुठी हाये?"

"तोंड?" साहेबाला कळेना. "ही फुलाची तसबीर. बोटं मध्ये आली, ती मी कापून टाकते. मग फक्त मनकर्णा राहील. तूच सांगितलं ना? मी विचारलं, हिचं नाव काय? तू म्हणाला, मनकर्णा."

उत्तमरावाला आठवलं. काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून साहेबानं बोट दाखवलं होतं. 'हिचं' म्हटल्यावर बापाला लेकीशिवाय दुसरं काय दिसणार? फुलाचं विचारलं असतं, तर शेंबडं पोरही तेरडा म्हणालं असतं.

"नाव चुकली का?" साहेब म्हणाला. "ही कागद विलायतेला जाणार. तिथं सगळे हिला याच नावानं ओळखतील. दुसरी असेल तर आता सांग."

उत्तमरावानं त्या दोन बोटांवरून अंगठा फिरवला. कागद मागून घ्यावा असं फार वाटलं. पण मागितला असता तर तो विलायतेला गेला नसता. त्यानं तो परत दिला.

"नाई सायेब. बराबर हाये. मनकर्णाच नाव हाये."

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला, तेव्हा पार्बताबाई उंबऱ्यातच बसली होती. त्याचे रिकामे हात तिनं पाहिले.

"भेटली का?"

उत्तमरावानं पाठीवरचं उपरण्याचं गाठोडं सोडलं. घाटातून खुडून आणलेला तेरडा वाटेत मलूल झाला होता. तो सगळा त्यानं तिच्या ओच्यात ओतला.

"भेटली," तो म्हणाला. "सारा पहाड भरून हाये."