सुभेदारचा रंग

तिसऱ्या फोटोतही बैल पिवळाच आला.

संयोगितानं उन्हाकडं पाठ करून फोन पुन्हा पाहिला. सुभेदार गोठ्याच्या विटांच्या भिंतीपाशी उभा होता, सकाळपासून दोनदा धुतलेला, पांढरास्वच्छ. फोनमध्ये मात्र त्याला हळद लावल्यासारखी दिसत होती.

"बघू," लालासाहेब म्हणाले. ते तिचे चुलते, ती त्यांना तात्या म्हणायची. स्वतः फौजेतून नाईक म्हणून परत आले होते, बैलाचं नाव मात्र त्यांनी सुभेदार ठेवलं होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि फोन परत दिला.

गेल्या वर्षी खिलार जातीच्या बैलांच्या प्रदर्शनाच्या समितीनं मावळतीच्या उन्हात काढलेला फोटो पाहूनच सुभेदारला बाद केलं होतं. 'अंगावर पिवळी झाक, संकर असण्याची शक्यता,' एवढी एक ओळ आली होती. घरच्या गाईच्या पोटचं जनावर, चार पिढ्या तोंडपाठ, आणि संकर! तेव्हापासून तात्यांनी सुभेदारला कुंडल गावाच्या वेशीबाहेर नेलं नव्हतं. यंदा फोटो पाठवायची मुदत आज पाचपर्यंत होती. काढल्यावर फोटोत काही फेरफार केलेला चालणार नव्हता. निघेल तसाच पाठवायचा.

"लालासाब, पावडर लावा त्येला," शेजारचा भाऊसो कुंपणावरून म्हणाला. "आमच्या सोनमच्या फोटोला स्टुडिओवाल्यानं लावली तशी. लगीच सोयरीक जमंल."

"तू तुजी म्हस बघ," तात्या म्हणाले.

संयोगितानं भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि तिथून एक सवय घरी आणली होती: उत्तर चुकलं की आधी माप तपासायचं. पहिला फोटो फोननं स्वतःच्या अंदाजानं काढला. मागच्या तांबड्या भिंतीनं त्याला फसवलं आणि बैल निळसर आला. म्हणून पुढच्या वेळी तिनं फोनला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवलं. कॅमेऱ्यात तशी सोय होती. त्याच उजेडात एखादी पांढरी वस्तू धरायची, मग बाकीचे रंग फोन तिच्यावरून ठरवतो. घरातलं सगळ्यात पांढरं काय, हे कुणाला विचारावं लागलं नाही. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली होती. तेव्हापासून बैल पिवळा येत होता.

"बैलच पांढरा हाय की," भाऊसो म्हणाला. "त्येलाच दाखव फोनला."

"जे मोजायचं तेच माप म्हणून कसं धरायचं, काका?"

दांडीवर तात्यांचं धोतर वाळत होतं. त्याच्या काठाला बोटाएवढा निळा डाग होता. संयोगिता त्या डागाकडं बघत राहिली.

"काकी, टोपीला नीळ घालता?"

"मग!" मंगलकाकी दारातून म्हणाल्या. "जरा कमी पडली तर ह्यास्नी टोपी मळकी वाटती."

टोपी निळी होती. डोळ्याला शुभ्र वाटावी इतकीच निळी. फोन त्या निळ्यालाच पांढरं समजत होता आणि तेवढा निळा सगळ्या चित्रातून काढून घेत होता. मागं राहत होतं ते पिवळं.

"तात्या," ती म्हणाली, "टोपी पांढरी न्हाई."

भाऊसोनं कुंपणावर दोन्ही कोपरं टेकली.

"काय म्हणलीस?" तात्यांचा आवाज चढला नव्हता, पण काकी दारातून बाहेर आल्या. "सतरा वर्षं फौजेत काढली मी. माज्या कपड्याला कर्नल सायबानं कवा नाव ठेवलं न्हाई."

"कर्नलसाहेबांना बैलाचा फोटो काढायचा नव्हता, तात्या. टोपी निळी हाय. बैलाला तीच पिवळं करतीय."

तात्यांनी टोपी तिच्या हातून घेतली. उन्हात धरली, उलटी केली, आत बघितलं. सव्वाचार वाजले होते. मग त्यांनी टोपी घडी घालून खिशात ठेवली.

"मग पांढरं काय हाय, ते आण," ते म्हणाले.

वहीचा कागद चालणार नव्हता. तोही जास्त पांढरा दिसावा म्हणून कारखान्यातच काहीतरी लावून आलेला असतो. तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पांढरी चकती आठवली. रंग मोजायचं यंत्र आधी त्या चकतीवर जुळवून घ्यायचे. ती चकती ज्या टेफ्लॉनची होती तेच विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत पडलेलं होतं. ती धावत गेली आणि टेफ्लॉन टेपची दोन रिळं घेऊन आली, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती. वहीचा पुठ्ठा फाडून ती त्याच्यावर टेप गुंडाळायला लागली.

"आता बैल गळतोय व्हय?" भाऊसोनं विचारलं.

ती गुंडाळतच राहिली. पाच थर झाले, दहा झाले, खालचा पुठ्ठा दिसेनासा झाला. तिनं तो सुभेदारच्या अंगाला लावून धरला, फोनला दाखवला, बाजूला केला आणि फोटो काढला.

विटा विटांसारख्या आल्या होत्या. बैल पांढरा होता. आणि मानेवरून खांद्यापर्यंत अस्सल खिलारची राखी झाक उतरत गेली होती. ती आधीच्या एकाही फोटोत नव्हती.

भाऊसो कुंपण ओलांडून आला. एकदा फोनकडं, एकदा बैलाकडं, पुन्हा फोनकडं बघत म्हणाला, "आयला! हाय तसाच आलाय की गं."

पाचला सात मिनिटं कमी असताना फोटो गेला.

दिवस मावळायच्या आत तात्यांचा फोन वाजला. समितीवरचे जनावरांचे डॉक्टर होते. संयोगितानं आवाज मोठा केला.

"लालासाहेब, बैल घेऊन या. एक नंबर जनावर आहे. पण मला एक सांगा, खांद्यावरचा हा राखी रंग गेल्या वर्षी कुठं होता?"

तात्यांनी सुभेदारच्या खांद्यावर तळहात ठेवला.

"हितंच व्हता, सायेब," ते म्हणाले. "आमी रोज बघत व्हतो."