आठ फेऱ्या

कराटेच्या वर्गाच्या दारात आई थबकली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची नऊ वर्षांची लेक, पांढऱ्याशुभ्र गणवेशात, ओणवी होऊन ओलं फडकं ढकलत लादी पुसत होती.

दवाखान्यातली सफाई आटोपून आई आज पहिल्यांदाच तिला न्यायला आली होती. आपल्या हातातलं फडकं पोरीच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठीच तर हा सगळा आटापिटा. आणि इथे बघावं तर बाईसाहेब सगळ्यांच्या पुढे!

"सर, नाव काढा तिचं," ती दारातूनच म्हणाली. "पुसायला घरची लादी काय कमी आहे?"

सर उठून उभे राहिले. फडकं त्यांच्याही हातात होतं. "इथे सगळेच पुसतात, ताई. पायांत ताकद येते, दम वाढतो. रोज आठ फेऱ्या."

"आठ? अहो, तिला दमा आहे!"

दोन जिने चढले की पोरीच्या छातीत शिट्ट्या वाजायच्या. मधल्या पायरीवर टेकायचं, मग पुढे जायचं, हा मायलेकींचा नेमच होता. तो शेवटचा कधी पाळला, ते मात्र आईला काही केल्या आठवेना.

तेवढ्यात लेक धावत आली. "आई, तू आज इथे कशी, मी पहिली आले बघितलंस ना, आणि मला जाम भूक लागलीय!"

सगळं एका दमात. आईने तिला जवळ ओढून छातीला कान लावला. शिट्टी नव्हती.

सरांचे उपकार कसे फेडायचे, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "फडकी नीट पिळत नाही तुम्ही. पाणी राहतं. पोरं घसरतील."

चपला काढून ती आत गेली. एक फडकं उचललं, दुमडलं, मनगटातून पीळ दिला. शेवटचा थेंबसुद्धा बादलीत पडला. "असं."

"शिकवणाऱ्याला नमस्कार!" सरांनी हुकूम सोडला.

अठरा पोरं रांगेत आली आणि सरांसकट तिच्यापुढे कमरेत वाकली. काय करावं ते न कळून तीही वाकली. पोरं केव्हाच सरळ झाली. ती मात्र बराच वेळ वर उठली नाही.