जनरेटरचे तास

मोबाइल टॉवरचा जनरेटर किती तास चालला, हे दाखवणाऱ्या मीटरच्या या शनिवारच्या फोटोत ४३१२ आकडा होता. दिवाळीच्या फोटोतही तोच होता. सौर पॅनल आणि पवनचक्की बसल्यापासून डिझेल लागलंच नव्हतं. तरी अपूर्व दर शनिवारी ‘जनरेटर चालवायला’ पनागरच्या पुढे त्या टॉवरवर मुक्कामाला जायचा.

यामिनीने दोन्ही फोटो उघडून नवऱ्याचा, अपूर्वचा फोन त्याच्यापुढे ठेवला.

“अच्छा. कोण आहे तिकडे?” तिने विचारलं.

“माकडं.”

“मग काहून जातोस?”

“बसून राहतो. बरं वाटतं.”

तो खरं बोलत होता. तिने चहाचा कप बाजूला सारला. दोन वर्षं ओठांवर येऊन परतलेलं वाक्य आता सहज आलं.

“तू गेलास की मलाही इथं बरं वाटतं. चलो, वेगळं राहू.”