आब्लाराचा ठेका

"बुवा, 'जर' आलं की क्रियापद असं बदलतं. परत म्हणा," श्वेता म्हणाली. शेजारची ही पोरगी कॉलेजात स्पॅनिश शिकत होती.

"आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस..." लवू परब पुन्हा अडकला. चाळीस वर्षं डबलबारीची भजनं गाजवलेला, समोरच्या बुवाला भर मंडपात गप्प करणारा माणूस. पण 'बोलणे' या क्रियापदाच्या या सहा रूपांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते. शेवटी त्याने ती भजनाच्या चालीत घेतली, टेबलावर पखवाजाचा ठेका धरून. तेव्हा कुठे ती पाठ झाली.

नातीला, नूरियाला, म्हणायचं वाक्य एकच होतं : मला तुझी भाषा बोलता येत असती, तर तुझ्या बाबाच्या खूप गोष्टी सांगितल्या असत्या. बाबा म्हणजे लवूचा मुलगा सुशांत. वर्षापूर्वी तो तिकडे स्पेनमध्येच वारला. सुनेचा, मार्ताचा, निरोप श्वेतानेच वाचून दाखवला होता : नूरिया कॉलवर कंटाळते, रडते. पुढचा कॉल शेवटचा. मोठी झाली की बघू.

"ती मोठी होईसर मी रवतलंय काय गो?" लवू एवढंच म्हणाला होता; तोवर आपण जगू, असं त्याला वाटत नव्हतं.

साडेपाचला लवूच्या कांदिवलीतल्या खोलीत मोबाईलवर नूरिया दिसली. सात वर्षांची, गाल फुगवलेली. लवूने तोंड उघडलं आणि वाक्य डोक्यातून साफ पुसलं गेलं. नूरिया खुर्चीवरून उतरू लागली. मार्ताचा हात फोनकडे आला.

लवूने टेबलावर थाप मारली आणि जे येत होतं ते चालीत सुरू केलं. "आब्लारा, आब्लारास, आब्लारा..."

"बुवा, हे नाही, वाक्य म्हणा ना," श्वेता कुजबुजली.

तो थांबेना. थांबलो की फोन बंद होणार, एवढंच त्याला कळत होतं. सहाही रूपं संपली, त्याने पुन्हा पहिल्यापासून धरली.

नूरिया उतरता उतरता थांबली. परत बसली. मग तिने दोन्ही हात तिकडच्या टेबलावर ठेवले आणि तोच ठेका वाजवू लागली. लवूने तिला तो कधीच शिकवला नव्हता. शेवटची थाप मात्र तिची जरा उशिरा पडली.

सुशांतचीही अशीच पडायची. त्यापायी लवूने त्याचे कान कितीदा पिळले होते.

पुढच्या आवर्तनात शेवटच्या थापेला लवू थांबला, तिची थाप पडेपर्यंत.